विचित्र इंग्रजी शब्द लक्षात कसे राहतात आणि त्यांच्या गोष्टी कितपत खऱ्या असतात

प्रश्न दोन भागांत आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्याचं म्हणणं असं की इंग्रजीतले अनोखे शब्द वहीत उतरवले, समोर अर्थ लिहिले, घोकले, तरी आठवड्याभरात सगळं पुसलं जातं. आणि दुसरं म्हणजे या शब्दांच्या उगमाच्या ज्या गोष्टी फिरत असतात त्यातली खरी कुठली आणि कुणीतरी रचलेली कुठली हे कळत नाही. मी २२ वर्षं भाषांतराचं आणि कोशाचं काम करतोय, त्यातली बरीच वर्षं इंग्रजी-मराठी नोंदी तपासण्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे आणि उत्तर लांबणार आहे.

शब्द विसरतो कारण आपण शब्द आणि अर्थ ही दोन टोकं पाठ करतो आणि मधला रस्ता सोडून देतो. डिफेनेस्ट्रेशन घ्या. अर्थ काय, तर एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकणं. एवढंच लिहून ठेवलं तर चार दिवसांत जाणार. आता तोच शब्द तोडून बघा. सुरुवातीचा 'डी' म्हणजे खाली किंवा बाहेर, आणि फेनेस्ट्रा म्हणजे लॅटिनमध्ये खिडकी. २३ मे १६१८ ला प्रागच्या किल्ल्यात चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला वरच्या खिडकीतून ढकलून दिलं, उंची जवळजवळ २१ मीटर, आणि तिघंही जिवंत राहिले. कॅथलिक म्हणाले देवदूतांनी झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले खाली उकिरडा होता म्हणून वाचले. त्या चिटणिसाला पुढे सरदारकी मिळाली आणि नावापुढे जे बिरुद लागलं त्याचा शब्दशः अर्थ होतो 'उंच पतन'. युरोपात ३० वर्षं जे युद्ध चाललं त्याची ठिणगी हीच. हे एकदा वाचल्यावर तो शब्द विसरून दाखवा बरं.

आणि इथे थांबू नका. लॅटिनमध्ये फेनेस्ट्रा, जर्मनमध्ये फेन्स्टर, फ्रेंचमध्ये फनेत्र, मग इंग्रजीतच विंडो कुठून आला? तो आला उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून, त्यांचा शब्द विंदाउगा, म्हणजे वाऱ्याचा डोळा. आता आपल्याकडे बघा, गवाक्ष म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा, वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. भिंतीतल्या भोकाला बघून कोणाला डोळा आठवला, कोणाला वारा, आणि नॉर्स लोकांनी दोन्ही एकत्र केले. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून बराच वेळ नुसता त्या नोंदीकडे बघत बसलो होतो.

क्लू हा तर रोजचा शब्द आहे, त्यात काय विचित्र असं वाटेल, पण त्याचा मूळ अर्थ सुताचा गुंडा. ग्रीक कथेत थीसिअस क्रीटच्या भुलभुलैयात शिरतो तेव्हा आरिआडनी त्याला सुताचा गुंडा देते, तो उलगडत आत जातो आणि त्याच सुताला धरून बाहेर येतो. त्या कथेवरून गुंड्याचा अर्थ झाला वाट दाखवणारी खूण, आणि आता सूत कोणाला आठवतही नाही. पण मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही, कारण आपण म्हणतोच ना की पोलिसांना धागेदोरे सापडले.

माझं मुख्य सांगणं हेच आहे. इंग्रजी शब्दाचा प्रवास कळला की त्याला मराठीतला जोडीदार शोधा, बहुतेक वेळा सापडतो, आणि एकदा जोडी जमली की शब्द जात नाही. ऑइल हा शब्द ऑलिव्हवरून आला, आधी तो फक्त ऑलिव्हच्या तेलाचा होता, मग सगळ्याच तेलांना लागला. आपलं तेल तिळाचं होतं, मग खोबऱ्यालाही लागलं, शेंगदाण्यालाही लागलं आणि शेवटी मातीच्या तेलालाही. डिअर म्हणजे हरीण हे शाळेत शिकतो, पण जुन्या इंग्रजीत डिअर म्हणजे कुठलंही जनावर, जर्मनमधला तीअर अजूनही त्याच अर्थाने वापरतात, आणि शेक्सपिअरच्या किंग लिअरमध्ये उंदीर-घुशींना 'स्मॉल डिअर' म्हटलंय ते याचमुळे. आता मृग घ्या. मृग म्हणजे हरीण, मग सिंहाला मृगेंद्र का म्हणतात, माकडाला शाखामृग का म्हणतात? कारण मृग हा सुद्धा एकेकाळी सगळ्याच वन्य जनावरांचा शब्द होता. एकमेकांपासून हजारो मैल लांब असलेल्या दोन भाषांत एकच गोष्ट घडली, शिकारीचं सगळ्यात नेहमीचं जनावर त्या शब्दाचं मालक होऊन बसलं.

अम्पायर बघा, हा क्रिकेटमुळे आपल्याला घरचाच वाटतो. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' म्हणजे ज्याची जोडी नाही असा, विषम, दोघांच्या भांडणातला तिसरा. आपला तिऱ्हाईत! तो शब्द इंग्रजीत आला नंपायर असा, मग 'अ नंपायर' म्हणता म्हणता लोकांना ऐकू यायला लागलं 'अ‍ॅन अम्पायर' आणि न तिकडचा इकडे गेला. एप्रनचंही हेच, तो आधी नेप्रन होता, नॅपकिनचा भाऊ. अ‍ॅडर नावाचा साप आधी नॅडर होता. उलटही झालंय, 'अ‍ॅन एकनेम' म्हणजे जास्तीचं नाव, त्याचं झालं 'अ नेकनेम' आणि आजचं निकनेम. ऑरेंजसुद्धा लोक याच यादीत घालतात, तिथे मात्र जरा जपून, कारण संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज असा प्रवास खरा आहे पण त्यातला न हा इंग्लंडला पोचायच्या आधीच इटली-फ्रान्सकडे गळला होता. इंग्रजीतल्या 'अ' आणि 'अ‍ॅन'चा त्यात दोष नाही.

आता नाइस. या शब्दाने मला सुरुवातीच्या वर्षांतच चांगला धडा दिला. एक जुना इंग्रजी निबंध भाषांतराला आला होता, त्यात 'नाइस डिस्टिंक्शन' असं होतं आणि मी बिनधास्त 'सुंदर फरक' लिहून मोकळा झालो. माझं काम तपासणाऱ्या ज्येष्ठ संपादकांनी त्याभोवती पेन्सिलीने गोल केला, काही बोलले नाहीत, फक्त जाडजूड कोश माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, पहिला अर्थ वाचून बंद करू नकोस, खालपर्यंत वाच. खालपर्यंत वाचलं तर काय, लॅटिनमधला नेस्किउस म्हणजे ज्याला कळत नाही तो, ने म्हणजे न आणि पुढचा भाग जाणणं या धातूचा, ज्यातून सायन्स हा शब्द आला. म्हणजे शब्दशः आपला अज्ञ. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा नाइसचा अर्थ मूर्ख असा होता, मग झाला चोखंदळ, नखरेल, मग अगदी बारीक फरक ओळखणारा, मग काटेकोर, आणि १८ व्या शतकात कुठे आजचा छान. माझ्या निबंधातला फरक सुंदर वगैरे काही नव्हता, तो सूक्ष्म होता. सिलीचा प्रवास याच्या उलट, तो सुरुवातीला होता भाग्यवान, ईश्वरी कृपा असलेला, मग निष्पाप, मग बिचारा, मग खुळा. आपल्या 'भोळा' या शब्दात या उतरणीच्या दोन-तीन पायऱ्या अजूनही एकदम दिसतात, देवाला भोळा म्हटलं की एक अर्थ आणि व्यवहारात म्हटलं की दुसरा.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, गोष्टी खऱ्या की रचलेल्या. इथे माझा एक पक्का नियम आहे. एखादा जुना शब्द हा वाक्यातल्या पहिल्या अक्षरांपासून बनला असं कोणी सांगितलं की तिथेच संशय घ्या. रडार, लेझर असे शब्द खरंच अक्षरं जोडून झालेत, पण ते २० व्या शतकातले. त्याआधी अशा पद्धतीने रोजचे शब्द बनवायची रीत जवळजवळ नव्हतीच. म्हणून न्यूज म्हणजे चार दिशांची अक्षरं हे खोटं, तो नुसता न्यू म्हणजे नवीन याचं अनेकवचन आहे, नव्या गोष्टी. गोल्फ म्हणजे फक्त पुरुषांसाठी, बायकांना बंदी, ह्या वाक्याची अक्षरं, हेही खोटं. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये लोक धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फ खेळतात म्हणून त्याच्यावर बंदी घातली होती, त्या कायद्यात हा शब्द आहे, आणि तेव्हा असली आद्याक्षरांची टूम कोणाच्या डोक्यातही नव्हती. पॉशची गोष्ट जास्त गोड आहे, की बोटीने हिंदुस्थानात येताना डावीकडची आणि जाताना उजवीकडची खोली सावलीत असायची, श्रीमंत लोक तीच घ्यायचे आणि तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना-येतानाच्या बोटीच्या बाजू) याची चार अक्षरं छापलेली असायची. इतकी वर्षं लोकांनी शोध घेतला, असं छापलेलं एकही तिकीट मिळालेलं नाही.

क्विझची गोष्ट तर मी स्वतः कित्येक वर्षं खरी धरून चाललो होतो. डब्लिनमधल्या एका नाटकगृहाच्या मालकाने पैज लावली की मी २४ तासांत एक निरर्थक शब्द सगळ्या गावाच्या तोंडी बसवून दाखवतो आणि रातोरात भिंतीभिंतींवर क्विझ लिहून घेतलं. गोष्ट फक्कड आहे. पण पैज १७९१ च्या आसपासची सांगतात आणि शब्द १७८२ मध्ये लिहिलेला सापडतो, तोही वेगळ्याच अर्थाने, विक्षिप्त माणूस या अर्थाने. गोष्टीच्या आधी शब्द हजर असेल तर गोष्ट संपली. हे तपासणं अवघड नाही, कुठल्याही चांगल्या ऐतिहासिक कोशात अर्थाखाली वर्ष आणि त्या काळचं वाक्य दिलेलं असतं, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तर असतंच, आणि फुकटात बघायचं असेल तर एटिमऑनलाइनवर सुद्धा शब्द कधीपासून दिसतो ते कळतं. आधी वर्ष बघायचं आणि गोष्ट मागून, हा क्रम बदलू नका.

काही ठिकाणी अर्धं खरं असतं ते जास्त फसवतं. सॅलरी हा शब्द लॅटिनमधल्या मिठावरून आलाय यात शंका नाही. पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मोजून देत असत असं एकाही रोमन लेखकाने लिहिलेलं नाही. व्युत्पत्ती खरी, चित्र नंतर रंगवलेलं.

तुम्ही म्हणाल कोशात आहे म्हणजे खरंच असणार ना. बहुतेक वेळा हो, पण कोश माणसं करतात आणि कागदाच्या चिठ्ठ्यांवर करत असत, म्हणून दोन शब्दांची हकिगत सांगतो. अमेरिकेतल्या वेब्स्टरच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९३४ मध्ये निघाली. त्याआधी ३१ जुलै १९३१ ला रसायनशास्त्राच्या संपादकांनी एक चिठ्ठी पाठवली होती की मोठा डी किंवा छोटा डी हे डेन्सिटीचं, म्हणजे घनतेचं, संक्षिप्त रूप म्हणून घ्यावं. मधला 'किंवा' इंग्रजीत 'ऑर' असा. आता त्या काळी मूळ शब्दांच्या चिठ्ठ्या टाइप करताना अक्षरांमध्ये जागा सोडायचे, त्यामुळे डी ऑर डी हे कोणाला तरी सलग एका शब्दासारखं दिसलं, चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यातून शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, कोणीतरी त्याला उच्चार दिला आणि छापला गेला 'डॉर्ड', नाम, अर्थ घनता. पाच वर्षं तो तिथे बसून होता. २८ फेब्रुवारी १९३९ ला एका संपादकाच्या लक्षात आलं की या नोंदीला व्युत्पत्तीच नाहीये, आणि मग धावाधाव झाली. तरी छापील प्रतींतून तो पूर्ण जायला १९४७ उजाडलं. मला ही हकिगत फार महत्त्वाची वाटते कारण तो खोटा शब्द पकडला गेला तो त्याला आई-बाप नव्हते म्हणून. अर्थ होता, उच्चार होता, फक्त कुठून आला ते नव्हतं.

आणि याच्या बरोबर उलट ऑक्सफर्डच्या कोशात झालं. त्याचे संपादक जेम्स मरे आणि त्यांचे सहकारी जगभरातल्या वाचकांनी पाठवलेल्या लाखो चिठ्ठ्या लावत होते, १८८४ मध्ये पहिला भाग आला आणि १९२८ मध्ये काम संपलं. त्यात 'बॉन्डमेड', म्हणजे गुलाम दासी, हा खराखुरा शब्द राहूनच गेला, कारण त्याच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या होत्या आणि कळलं तेव्हा तो भाग छापून झाला होता. शब्द आत आला १९३३ च्या पुरवणीत. ज्याने चिठ्ठ्या हाताळल्या आहेत त्याला हे वाचून पोटात गोळा येतो.

खोट्या गोष्टींचं एवढं सांगितलं, पण काही खऱ्या गोष्टी ऐकायला अगदी खोट्या वाटतात. त्रिकोणमितीतला साइन आणि नाक चोंदल्यावरचा सायनस हा एकच शब्द आहे. आर्यभटाच्या काळी आपल्याकडे या राशीला ज्या किंवा जीवा म्हणायचे, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. अरबी गणितींनी जीवा तसाच उचलला आणि जीबा केला. अरबी लिपीत बहुधा व्यंजनंच लिहितात, म्हणून कागदावर राहिलं ज आणि ब. पुढच्यांना जीबा हा परका शब्द माहीत नव्हता, त्यांनी तेच जैब असं वाचलं, जैब म्हणजे कपड्याची घडी, अंगरख्याचा गळा, हिंदीत ज्याला जेब म्हणतात तोच. १२ व्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी घडीला लॅटिनमधला शब्द लावला, सायनस. भाषांतर अगदी चोख, फक्त भलत्याच शब्दाचं! भाषांतरकार म्हणून मला हे वाचताना त्यांच्यावर राग येत नाही, त्यांच्यासमोर जे अक्षर होतं त्याच्याशी ते प्रामाणिक होते.

शाम्पूही असाच, तो हिंदीतल्या चाँपना म्हणजे दाबणं, चेपणं यावरून आलाय आणि इंग्रजीत १०० वर्षं तरी त्याचा अर्थ मालिश एवढाच होता. पाटण्याच्या शेख दीन महंमदांनी १९ व्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनला स्नानगृह काढलं ते या मालिशीचं, आणि ते राजाचे शाम्पूइंग सर्जन म्हणवले जायचे. केस धुण्याशी शाम्पूचा संबंध नंतर आला. आणि मंगूस तर मराठीतूनच गेलाय, आपलं मुंगूस. म्हणूनच त्याचं अनेकवचन मंगूसेस, बदकाच्या भावकीतल्या गूसचं जसं गीज होतं तसं मंगीज होत नाही, कारण शेवटच्या गूसचा त्या पक्ष्याशी काही संबंधच नाही. व्युत्पत्ती कळली की व्याकरण आपोआप सुटतं ते असं.

सेरेन्डिपिटीबद्दल एक तक्रार आहे माझी. अर्थ सगळीकडे 'सुखद योगायोग' असा देतात आणि निम्मा अर्थ सांडून टाकतात. होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात हा शब्द बनवला, सरेनदीपच्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून, आणि सरेनदीप म्हणजे श्रीलंका, मूळ आपला सिंहलद्वीप. पण त्याने तिथेच स्पष्ट केलंय की त्या राजपुत्रांना न शोधलेल्या गोष्टी सापडायच्या त्या योगायोगाने आणि चाणाक्षपणाने, दोन्ही. रस्त्यात नोट सापडली तर ती सेरेन्डिपिटी नव्हे, समोर आलेलं काय आहे हे ओळखणारी नजर हवी. मराठीत मला अजून एका शब्दात बसणारं काही मिळालेलं नाही, 'अवचित गवसणं' जवळ येतं पण त्यात चाणाक्षपणा येत नाही.

आता वहीचं. एका पानावर २० शब्द लिहू नका, दिवसाला एक पुरे. शब्द, त्याचे तुकडे, पहिल्यांदा कधी दिसला ते वर्ष, मराठीतला जोडीदार, आणि खाली स्वतःचं एक वाक्य. जोडीदार मिळाला नाही तर जागा मोकळी ठेवा, कधीतरी सहा महिन्यांनी भलतंच काही वाचताना तो सापडतो आणि तेव्हाचा आनंद वेगळाच. आणि फुफ्फुसाच्या आजाराचा तो ४५ अक्षरी न्यूमोनोअल्ट्रा वगैरे शब्द पाठ करण्यात वेळ घालवू नका, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघाच्या अध्यक्षांनी तो मुद्दाम लांबीसाठी रचला होता, डॉक्टर त्या आजाराला साधं सिलिकोसिस म्हणतात. लांबच शब्द हवा असेल तर फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन घ्या, २९ अक्षरी, १७४१ च्या एका पत्रात सापडतो. लॅटिन व्याकरणाच्या पुस्तकात चार शब्द एका ओळीत शिकवायचे, फ्लॉक्सी म्हणजे लोकरीचा पुंजका, नॉसी म्हणजे क्षुल्लक वस्तू, निहिली म्हणजे काही नाही, पिली म्हणजे केस, आणि चारही एखाद्याला कवडीची किंमत न देण्यासाठी वापरायचे, ते चार जोडून हा शब्द झाला. चार तुकडे चार वेळा म्हणा, जमतो. जोडीदार शोधायला तर कुठे जायलाच नको, त्यांच्याकडे लोकरीचा पुंजका आणि केस, आपल्याकडे कस्पट. कस्पटासमान लेखणं.